साडेसात मिलिमीटर आणि तोंडावरचा हात: फोंडा तालुक्यातील एक प्रकरण

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. यातली तरुणी कोणी एक व्यक्ती नाही. पुढे आलेले किंवा एकमेकांवर चढलेले दात घेऊन विशीत उपचाराला येणाऱ्यांमध्ये जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एका जागी आणून ती उभी केली आहे. तिची मोजमापे आणि प्रश्नावल्यांचे गुणही उदाहरणादाखल घेतले आहेत, मात्र त्यांची बेरीज-वजाबाकी कोणालाही करून पाहता येईल.

वय २२. फोंडा तालुक्यातले गाव, शिक्षण बी.कॉम., पणजीतल्या एका हॉटेलात अकाउंट्समध्ये नोकरी. दंतव्यंगोपचाराच्या (वाकडे दात सरळ करण्याच्या उपचाराच्या) पहिल्या भेटीत बोलली ती आई. "स्थळे येऊ लागलीत. दिवाळीपर्यंत दात आत जातील का?" मुलीला तिची तक्रार विचारली तर उत्तर आले, "तसे काही नाही. आईच म्हणते."

अशा वेळी पालकांना बाहेर बसवून पंधरा-वीस मिनिटे एकट्याने बोलणे हा तपासणीचाच भाग समजावा. बावीस वर्षांच्या मुलीच्या दातांबद्दल आईच बोलत राहते तेव्हा आधी संमती कोणाची आहे हेच कळत नाही. प्रश्नही "दातांमुळे वाईट वाटते का?" असा विचारायचा नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले असते. त्याऐवजी, "दातांमुळे एखादी गोष्ट करायची सोडलीस का? कधीपासून?"

यादी लांब निघाली. शाळेत बालनाट्यात काम करायची. बारावीत गावच्या जत्रेच्या नाटकात छोटी भूमिका मिळाली, प्रेक्षकांतून कोणीतरी "खवणी!" असे ओरडले आणि मांडवात हशा पिकला. त्यानंतर ती दरवर्षी नाटकाच्या तालमीला जाते, पण प्रॉम्प्टर म्हणून. संपूर्ण संहिता तोंडपाठ असलेला माणूस विंगेत उभा. हॉटेलात फ्रंट ऑफिसला जाण्याबद्दल एकदा विचारणा झाली, ती नाही म्हणाली. कोविड संपला तरी बसमध्ये मास्क सुटला नाही. फोन न करता व्हॉट्सॲपवर लिहिते. चारचौघांत पोई (गोव्यातला पाव) दाताने तोडून खात नाही, तुकडे करून खाते. घरच्या फोटोंत मागच्या रांगेत, मान किंचित खाली. आणि हसू आले की उजवा हात तोंडावर.

यातल्या बऱ्याच गोष्टी घरच्यांना स्वभाव वाटत होत्या. "लाजाळू आहे," "गर्दी आवडत नाही तिला." बारावीपर्यंत नाटकात काम करणारी मुलगी जन्मतः लाजाळू कशी, हा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता.

दातांत काय सापडले

वरचे पटाशीचे दात खालच्यांपेक्षा ७.५ मिलिमीटर पुढे. साधारणपणे हे अंतर २ ते ३ मिलिमीटर असते. वरच्या ओळीत ४ मिलिमीटर जागा कमी, त्यामुळे उजवा सुळा ओळीबाहेर हिरडीत उंच अडकलेला. खालच्या पुढच्या दातांत २.५ मिलिमीटर दाटी. दोन्ही बाजूंना वरची पहिली मोठी दाढ खालचीपेक्षा एका उपदाढेच्या (सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या छोट्या दाढेच्या) रुंदीइतकी पुढे. ओठ सैल सोडले तर मिटत नाहीत. मिटायला लावले तर हनुवटीच्या कातडीला खळ्या पडतात. खालचा ओठ वरच्या दातांच्या मागे जाऊन बसतो आणि त्यांना आणखी पुढे ढकलतो. डाव्या मधल्या दाताचा कोपरा उडालेला, लहानपणी सायकलवरून पडल्याची खूण. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर ३ मिलिमीटरच्या वर गेले की वरच्या पुढच्या दातांना इजा होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि दुचाकीवर फिरणाऱ्या गोव्यात ही बाब सौंदर्याची म्हणून बाजूला ठेवता येत नाही.

बाजूने काढलेल्या एक्स-रेत खालचा जबडा थोडा मागे, पण शस्त्रक्रिया अनिवार्य ठरेल इतका नाही. वरच्या पुढच्या हिरड्या लाल, ब्रश लागताच रक्त. कारण दुहेरी. उघड्या ओठांमुळे हिरडी कोरडी पडते, आणि ती आरशात न बघता, घाईघाईत ब्रश करते. स्वतःचे दात बघायलाच नको असतात तेव्हा ते घासलेही नीट जात नाहीत. अशा रुग्णाला "स्वच्छतेकडे लक्ष द्या" असे सांगणे फुकट जाते.

उपचाराची गरज ठरवण्यासाठी ब्रूक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये मांडलेला निर्देशांक वापरतात. त्यात १ ते ५ अशा श्रेणी आहेत. ६ च्या वर आणि ९ मिलिमीटरपर्यंत पुढे आलेले दात चौथ्या श्रेणीत, म्हणजे गरज स्पष्ट. याच निर्देशांकाचा दुसरा भाग दहा छायाचित्रांचा आहे, पहिले सर्वांत सुबक, दहावे सर्वांत बेढब. आपले दात कुठे बसतात ते रुग्णाने दाखवायचे. तिने नववे दाखवले. तपासणाऱ्याच्या मते सातवे. आईने चौथ्यावर बोट ठेवले.

तिघांच्या उत्तरांत प्रकरणाचा बराचसा भाग आला. आई खोटे बोलत नव्हती, रोज पाहून तिची नजर सरावली होती. मुलगी मात्र सरावली नव्हती, कारण ती दात बघतच नव्हती. ती बघत होती ते बारावीतल्या त्या रात्रीचे चित्र.

मनाचे मोजमाप

दातांच्या दिसण्याचा मनावर काय परिणाम होतो हे मोजणारी एक प्रश्नावली जर्मनीत तरुण प्रौढांसाठी तयार झाली आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. पिडॅक या नावाने ती ओळखली जाते. २३ विधाने, प्रत्येकाला ० ते ४ गुण, चार भाग: दातांविषयीचा आत्मविश्वास (६ विधाने), सामाजिक परिणाम (८), मानसिक परिणाम (६), दिसण्याची काळजी (३). आत्मविश्वासाचे गुण उलटे धरले तर एकूण ९२ पैकी जितके जास्त तितका त्रास जास्त. विधाने समजावून सांगावी लागतात तेव्हा परदेशातल्या सरासरीशी तुलना करू नये. त्याच व्यक्तीच्या आधीच्या गुणांशी करावी, तेवढी पुरे.

सुरुवातीला तिचे गुण असे: आत्मविश्वास (उलटा) २४ पैकी २१, सामाजिक ३२ पैकी १९, मानसिक २४ पैकी १६, दिसण्याची काळजी १२ पैकी ९. एकूण ६५.

ही प्रश्नावली दातांपुरतीच बोलते. म्हणून सोबत सामाजिक भीती मोजणारी १७ प्रश्नांची स्पिन ही यादी दिली. त्या यादीचे एकूण गुण ६८, आणि १९ च्या वर गेले की पुढे तपासावे असा संकेत. तरुणीचे आले ३१. नैराश्याच्या पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी ६, म्हणजे सौम्य, आणि स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलच्या शेवटच्या प्रश्नाला शून्य. तो शेवटचा प्रश्न दातांच्या दवाखान्यात विचारायला अवघड वाटतो म्हणून कागदावरच राहू देऊ नये. उत्तर शून्य नसेल तर साचे, एक्स-रे, तारा हे सगळे थांबते आणि आधी मानसोपचारतज्ज्ञ. टेली-मानसची १४४१६ ही राष्ट्रीय मदतवाहिनी २०२२ पासून चालू आहे, तो क्रमांक हाताशी असावा.

आणखी एक गोष्ट आधीच पाहून घ्यायची: देहदोषाचा भ्रम. दोष नसताना किंवा अगदी किरकोळ असताना माणूस त्यातच रोज तासभराहून जास्त अडकतो, सारखा आरसा बघतो, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे फिरतो. अशांचे दात सरळ केले तरी समाधान होत नाही, तक्रार नुसती जागा बदलते. इथे दोष उघड होता, विचारात जाणारा वेळ दिवसाला वीस-तीस मिनिटे, डॉक्टर पहिलाच. ती शंका मिटली.

मिलिमीटर आणि मन

उपचारकांची नेहमीची समजूत अशी की दात जितके वाकडे तितका त्रास जास्त. प्रत्यक्षात दहा मिलिमीटर पुढे दात असलेला फिशमार्केटमधला विक्रेता दिवसभर खणखणीत आवाजात भाव सांगतो, आणि दोन मिलिमीटर फिरलेल्या एका दातापायी कोणी कॉलेजचा वार्षिक समारंभ चुकवतो. फरक पडतो तो दातांवरून काय झाले याने: चिडवणे कोणत्या वयात, किती जणांसमोर, आणि त्यानंतर माणसाने काय करायचे सोडले. इंग्लंडमध्ये दंतव्यंगोपचाराला आलेल्या १० ते १४ वर्षांच्या मुलांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १३ टक्के मुले दादागिरी सोसत होती, आणि पुढे आलेले वरचे दात असलेल्यांत ती जास्त आढळली.

याच्या उलट बाजूचा पुरावा दवाखान्यांना कमी आवडतो. वेल्समधल्या कार्डिफला १९८१ मध्ये ११-१२ वर्षांच्या हजाराहून जास्त मुलांची नोंद घेतली गेली आणि वीस वर्षांनी त्यांतल्या ३३७ जणांना पुन्हा तपासले. ज्यांना गरज असून उपचार मिळाले, ते आपल्या दातांवर जास्त खूश होते. पण एकूण मानसिक आरोग्यावर उपचाराचा ठसा जवळजवळ नव्हता. याचा अर्थ तारा निरुपयोगी असा नाही. "तारा लावा, आत्मविश्वास येईल" हे वाक्य संमतीपत्रात लिहिता येत नाही, एवढाच याचा अर्थ. जाहिरातीच्या फलकावर मात्र ते सर्रास असते.

या तरुणीच्या बाबतीत दोन वेगळे प्रश्न होते. पहिला तोंडातला, ७.५ मिलिमीटरचा. दुसरा चार-पाच वर्षांत जमलेल्या टाळाटाळीचा. पहिल्याचा उपचार दुसऱ्याला आपोआप लागू होणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात कागदावर लिहिले गेले.

सहा महिन्यांचा हट्ट

कुटुंबाला दिवाळी गाठायची होती. आत्याच्या ओळखीतल्या कोणीतरी सुचवले होते की पुढचे चार दात घासून टोप्या बसवल्या की दोन आठवड्यांत काम. हे का नाही, ते हिशेबाने सांगावे लागते. दात ७.५ मिलिमीटर पुढे असताना टोपी सरळ रेषेत आणायची तर निरोगी दात इतका कापावा लागतो की आतली नस उघडी पडते. मग चार रूट कॅनल, चार खुंट, त्यावर टोप्या, आणि त्या टोप्याही जन्मभर टिकत नाहीत, दहा-पंधरा वर्षांनी बदलाव्या लागतात. तिशी-पस्तिशीत पुन्हा तोच खर्च, तेव्हा दात आणखी कमकुवत. शिवाय ओठ मिटणार नाहीत ते नाहीतच, कारण मुळे जिथल्या तिथे.

पारदर्शक अलायनर (दातांवर चढवायची, काढता-घालता येणारी खोळ) हा दुसरा प्रश्न. रोज २० ते २२ तास घातले तर सौम्य दाटीला ते चांगले. पण उपदाढा काढून सात मिलिमीटरची जागा मुळांसकट दात सरकवून बंद करायची, तीही मागची दाढ जराही पुढे न येऊ देता, हे काम ताराच जास्त खात्रीने करतात.

"दात जरा पुढे आहेत, पण मुलगी गुणाची आहे" हे आत्याचे वाक्यही चर्चेत आले. त्यातला 'पण' मुलीला रोज ऐकू येत होता. आईला दोन गोष्टी थांबवायला सांगितल्या. एक, "हात काढ तोंडावरचा" ही टोकणी, कारण त्याने तोंडाकडे लक्ष आणखी जाते. दुसरी, "काहीच दिसत नाही गं" हा दिलासा. तो खरा नसतो, आणि खोटा दिलासा देणाऱ्याचे नंतरचे खरे कौतुकही माणूस धरत नाही. त्याऐवजी, "तुला त्रास होतो हे दिसते, उपाय चालू आहे," एवढेच. लग्नाच्या बोलण्यांची तारीख उपचाराला बांधायची नाही, हे मुलीने स्वतः सांगितले. पहिल्या भेटीत "आईच म्हणते" म्हणणारीचे ते पहिले स्वतःचे वाक्य.

जागेचा हिशेब

वरच्या दोन पहिल्या उपदाढा काढायच्या. प्रत्येकीची रुंदी सुमारे ७ मिलिमीटर, म्हणजे १४ मिलिमीटर जागा. दाटी सोडवायला ४ जाणार. पुढचे दात ५ मिलिमीटर मागे न्यायचे तर दोन्ही बाजू मिळून १० लागणार. चार आणि दहा चौदा. शिल्लक शून्य. मागच्या दाढा एक मिलिमीटर जरी पुढे सरकल्या तरी तेवढे पुढचे दात पुढेच राहतील. म्हणून दोन्ही बाजूंना दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ यांच्या मधल्या हाडात आधारासाठी छोटे स्क्रू: जाडी सुमारे दीड मिलिमीटर, लांबी ८. खाली दात काढायचा नाही. पुढच्या सहा दातांमधल्या पाच फटींत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर घासून अडीच मिलिमीटर मिळतात, तेवढीच दाटी होती.

दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो, त्याहून जोर लावला तर वेग वाढत नाही, मुळांची झीज वाढते. एकूण अंदाज २४ महिने. भेट दर ४ ते ६ आठवड्यांनी. इथे व्यवहाराचा प्रश्न येतो. बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे, सरकारी असल्याने खर्च खासगीपेक्षा कमी, पण फोंड्याकडून पणजीला, तिथून मडगावच्या बसने बांबोळीला, आणि रांग धरली तर अर्धा दिवस. दोन वर्षे दर महिन्याला अर्धी रजा मिळेल का, हे कामाच्या ठिकाणी आधी विचारून घेतलेले बरे. अर्ध्यावर सुटलेला उपचार न केलेल्यापेक्षा वाईट असतो: दात काढलेले, जागा उघड्या, आणि तारा तशाच.

तारा लावण्याआधीचे सहा आठवडे

सराव आधी, तारा नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला. तारा लागल्यावर धीर आला तर श्रेय तारांना जाते आणि त्या निघाल्यावर धीरही डळमळतो. दुसरे कारण साधे: तारांमुळे दात लपत नाहीत, उलट चमकतात.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाकडे पाठवताना 'मानसिक' या शब्दाने घरात वादळ उठते. बांबोळीतच मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आणि तिकडे जाताना कोणी पाहिले तर, ही भीती खरी असते. "लोकांसमोर बोलण्याचा सराव" असे म्हटले तर जाणे सोपे होते, आणि ते खोटेही नाही.

पहिल्या भेटीत लपवण्याच्या सवयींची यादी झाली: हात, मिटलेल्या ओठांचे हसू, मास्क, खाली मान, भराभर आणि हळू आवाजात बोलणे. मग चित्रफितीचा प्रयोग. अनोळखी माणसाशी दोन मिनिटे बोलायचे, एकदा नेहमीच्या सवयींसह, एकदा हात मांडीवर ठेवून. पाहण्याआधी लिहायचे की काय दिसेल. तिने लिहिले: "दुसऱ्या फितीत फक्त दात दिसतील." प्रत्यक्षात पहिल्या फितीत समोरच्याने दोनदा "काय?" विचारले होते, कारण हाताआडून शब्द पोचत नव्हते, आणि प्रत्येक "काय?" बरोबर तो तिच्या तोंडाकडे निरखून बघत होता. दुसऱ्या फितीत तो बहुतेक वेळ तिच्या डोळ्यांकडे पाहत होता. लपवण्यासाठी वर गेलेला हातच लक्ष ओढून घेत होता. सामाजिक भीतीचे जे स्पष्टीकरण क्लार्क आणि वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडले, त्याचा गाभा हाच: माणूस समोरच्याला न पाहता मनातल्या स्वतःच्या प्रतिमेला पाहतो, आणि बचावाच्या सवयी ती प्रतिमा खोटी ठरण्याची संधीच देत नाहीत.

मग पायऱ्या, प्रत्येकीला शंभरपैकी अस्वस्थतेचे गुण. बसमध्ये मास्क न घालता बसणे ३०. गाड्यावर हात खाली ठेवून चहा-भजी मागणे ३५. चुलत भावाशी व्हिडिओ कॉल ४५. घरच्या फोटोत पुढची रांग ५५. चवथीला (गणेशचतुर्थीला) आरतीत पुढे उभे राहून मोठ्याने म्हणणे ६५. कार्यालयातल्या बैठकीत महिन्याचा हिशेब तोंडी मांडणे ७५. तालमीत गैरहजर नटाची वाक्ये रंगमंचावर उभे राहून म्हणणे ९०. नियम दोनच: प्रत्येक पायरी अस्वस्थता निम्म्यावर येईपर्यंत सोडायची नाही, आणि पायरीवर असताना एकही लपवण्याची सवय वापरायची नाही. मास्क काढून मान खाली घातली तर ती पायरी झाली असे धरत नाहीत.

सहा आठवड्यांत ती चौथ्या पायरीपर्यंत पोचली. दात अजून ७.५ मिलिमीटर पुढेच होते.

बिघडलेल्या गोष्टी

पहिली: दुसऱ्या महिन्यात पिडॅकचे गुण ६५ वरून ७० झाले. हे अपेक्षित असते आणि आधी सांगितलेले नसेल तर उपचार इथेच सुटतो. तारा बसवल्यावर काही तासांत दुखायला लागते, दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त, आठवडाभरात ओसरते. पॅरासिटामॉल पुरते. तेवढ्यात उपदाढा काढल्याच्या खिडक्या हसताना दिसू लागतात. दात सुधारायला गेले आणि आणखी विद्रूप झाले, असे वाटण्याचा हा काळ, आणि खिडक्या कित्येक महिने राहतात. तिने पायऱ्यांचा सराव याच काळात बंद केला, मास्क परत आला.

दुसरी: तिने सिरॅमिक ब्रॅकेट (तार बसवण्यासाठी दाताला चिकटवायचे तुकडे) निवडले होते. ब्रॅकेट डागत नाही, पण त्यावर तार धरणारे पारदर्शक रबर हळदीने पिवळे होते, आणि हुमण (माशांची आमटी) रोजचे. रबराऐवजी पातळ स्टीलच्या तारेने बांधले की प्रश्न मिटतो. जत्रेतले खाजे, चणे, अख्खे काजू, सुक्या खोबऱ्याचा तुकडा यांनी ब्रॅकेट निघतात. पोई मऊ असताना, तुकडे करून. तिला ते आधीपासूनच येत होते.

तिसरी: डावा स्क्रू चौथ्या महिन्यात सैल झाला. दहांतले एक-दोन होतातच. भोवतीची हिरडी सुजली की धोका वाढतो. थोडे वर नवा बसवला. तो पकडेपर्यंत डावीकडचा जोर बंद ठेवावा लागला, तेवढे आठवडे गेले.

चौथी गंभीर होती. सातव्या महिन्यात वरच्या दातांवर ब्रॅकेटभोवती खडूसारखे पांढरे डाग. जंतूंचा थर तसाच राहिला तर असा डाग चार आठवड्यांतही उमटू शकतो, आणि तारा निघाल्यावर सरळ दातांवर तो चौकटीसारखा उठून दिसतो. कारण पुन्हा आरसा. दात पाहायची टाळाटाळ अजून शिल्लक होती. म्हणून पायऱ्यांच्या यादीत एक नवी पायरी आली: रोज रात्री आरशासमोर तीन मिनिटे, थर रंगवणारी गोळी चघळून, रंग जाईपर्यंत ब्रश, मग तारेखालून फटींचा छोटा ब्रश. दवाखान्यात दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप. जे काम भीतीसाठी लावले त्याने हिरड्या सुधारल्या, दोन महिन्यांत रक्त थांबले. डाग फिकट झाले, पूर्ण गेले नाहीत.

अठरावा महिना

दात ३ मिलिमीटरवर आले. सुळा ओळीत. ओठ न ताणता मिटू लागले. प, ब, म हे उच्चार ती आधी खालचा ओठ वरच्या दातांना लावून करत असे, आता दोन्ही ओठ भिडू लागले. नाटकाच्या माणसाला हा फरक लगेच ऐकू येतो.

पिडॅक पुन्हा भरली. दिसण्याची काळजी ९ वरून ३. आत्मविश्वास (उलटा) २१ वरून ७. मानसिक १६ वरून ९. सामाजिक परिणाम मात्र १९ वरून फक्त १५. दात जवळजवळ जागेवर होते आणि हसताना हात अजून वर जात होता.

बेरीज पाहिली असती तर ६५ चे ३४ झाले, उत्तम, असे म्हणून फाइल पुढे सरकली असती. चारही भाग वेगळे वाचल्यामुळेच अडलेली जागा दिसली. दुसऱ्या महिन्यात बंद पडलेला लोकांसमोरचा सराव पुन्हा सुरू झाला, या वेळी पाचव्या पायरीपासून. आता एक नवीनच अडचण आली. कोणी "किती छान दिसतेस आता" म्हटले की ती आक्रसायची, कारण त्यातून "आधी नव्हतीस" हेही ऐकू येते. त्याचाही सराव करावा लागला: "थँक यू" म्हणायचे आणि विषय बदलायचा, स्पष्टीकरण द्यायचे नाही.

चवथीच्या आरतीची पायरी सहज गेली. कार्यालयातली बैठक दोनदा फसली. तिसऱ्यांदा तिने हातात कागद धरला, म्हणजे हाताला काम मिळाले. हीही एक लपवण्याची सवय ठरू शकते, म्हणून पुढच्या महिन्यात कागद टेबलावर. तालमीत एक नटी आजारी पडली तेव्हा तिने दोन प्रवेश उभे राहून म्हटले.

तारा २५ व्या महिन्यात निघाल्या. तुटलेल्या कोपऱ्यावर दाताच्या रंगाचे भरण. अंतर २.५ मिलिमीटर. पिडॅक: ६, ६, ६ आणि २, एकूण २०. स्पिन ३१ वरून १४.

फ्रंट ऑफिसची जागा पुन्हा विचारली गेली आणि तिने पुन्हा नाही म्हटले. या वेळी कारण रात्रपाळी आणि फोंड्याला जाणारी शेवटची बस हे होते. कारण विचारल्यावर ती समोर बघून, पूर्ण वाक्यात बोलली. प्रत्येक नकाराचा उगम दातांत शोधू नये.

पुढे काय सांभाळायचे

खालच्या सहा दातांमागे चिकटवलेली बारीक तार, वरती दात जागेवर धरणारा पारदर्शक रिटेनर. पहिले सहा महिने जेवण आणि ब्रश सोडून दिवसभर, नंतर रोज रात्री, आणि मुदत ठरलेली नाही. दात आयुष्यभर सरकतात, विशेषतः खालचे पुढचे. पहिले काही दिवस 'स' जिभेखाली अडकतो, मोठ्याने वाचन केले की लवकर सुटतो. रिटेनर गरम पाण्यात घातला तर वाकतो. कागदी रुमालात गुंडाळून ठेवला तर कचऱ्यात जातो, चवथीच्या जेवणावळीत हमखास. डबी हवी. तडा गेला किंवा घट्ट बसू लागला तर आठवड्याच्या आत दाखवायचा, कारण घट्ट बसणे म्हणजे दात सरकायला लागले आहेत.

पिडॅक आणि स्पिन पुन्हा सहा महिन्यांनी आणि वर्षाने भरायच्या. सामाजिक भागाचे गुण १० च्या वर गेले तर बोलावणे मानसशास्त्रज्ञाकडे, दंतव्यंगोपचारकाकडे नव्हे. माघातल्या जत्रेच्या नाटकात यंदा तिला दुय्यम भूमिका आहे. पहिल्या अंकात ती मंचावर असते, दुसऱ्यात विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करते, कारण गावात तितकी पाठ संहिता दुसऱ्या कोणाची नाही.